धुतलेला स्पंज

ठमे,

दवाखान्यात भरती व्हायला निघालोय. तुला उठवलं नाही.

खाऱ्या पाण्यातल्या नव्या माशाला आधी वेगळं ठेवायच्या टाकीतला स्पंज तू काल नळाखाली चकाचक धुतलास. अगं शहाणे, त्या घाणीतच पाण्यातलं विष पचवणारे जिवाणू होते; महिनाभर पोसले होते मी. आता पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे सहा आठवडे. डॉक्टरांनी मला तेवढे दिलेले नाहीत.

तरी घाई करू नकोस. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाक, ते कुजलं की जिवाणू वाढतात. अमोनिया तपासताना नळीतलं पाणी हिरवं दिसलं तर ते विष अजून आहे; मासा आणायचं थांब.

रागावलो नाहीये. खोटं कशाला बोलू, रागावलोय.

भेटायला आलीस आणि मी विचारलंच, तर मासा टाकीत मजेत फिरतोय म्हणून सांग. मी खरं मानीन.

बाबा