अधिक सहा

आई, तू गेलीस तेव्हा बुद्धिबळ खेळणारं मशीन ही आपल्या आंबिवलीच्या चाळीत फक्त ऐकीव गोष्ट होती. आता ते प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक टॉवरमध्ये जाणकार तयार झालेत. ते पटाकडे बघतच नाहीत. मोबाइलमध्ये पोझिशन भरतात, आकडा येतो, आणि तो असा वाचून दाखवतात की जणू स्वतःच्या डोक्यातून काढलाय. अशाच एका कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये मी दर शनिवारी मुलांना शिकवते. मुलं बरी आहेत. त्यांचे पालक मला सहन होत नाहीत.

गेल्या महिन्यात तिथे स्पर्धा झाली. माझी अकरा वर्षांची एक विद्यार्थिनी शेवटच्या फेरीत पांढऱ्या सोंगट्यांनी खेळत होती. तिच्याकडे वजीर, समोरच्याकडे हत्ती. बघणाऱ्याला वाटावं, जिंकलीच. पण दोघांची प्यादी एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून पटभर अडकलेली, काळा राजा त्यांच्या मागे निवांत, आणि त्याचा हत्ती दोनच घरांत ये-जा करतोय. दोन्ही घरांवर एकाच प्याद्याची राखण. तिने अर्धा तास वजीर सगळीकडून फिरवून बघितला, मग बरोबरी मागितली. मी लांबून बघत होते आणि मला तिचा अभिमान वाटला. तेवढ्यात तिचे वडील मोबाइल नाचवत आले. "प्लस सहा आहे, मॅडम! जवळजवळ सहा प्यादी जास्त असल्यासारखं! आणि हिने ड्रॉ दिला? ट्रॉफी गेली ना हिची!" ती हळूच म्हणाली, "पप्पा, आत जायला वाटच नव्हती." "तुला नाही दिसली. मोबाइलमधल्या इंजिनला दिसली ना!" सगळ्या हॉलसमोर. पोरगी खाली मान घालून उभी राहिली.

तेव्हा मला तू आठवलीस, आणि प्रेमाने नाही आठवलीस. मी चौदा वर्षांची आहे, कल्याणच्या स्पर्धेतून हरून घरी आलेय. तू कोलशेतच्या औषधाच्या कारखान्यातून नुकतीच आलीयस, अंगाला अजून पॅकिंग खात्याचा तो कडू वास आहे. बुद्धिबळ तू तिथेच शिकलीस, जेवणाच्या सुट्टीत पुरुषांचे डाव उभ्याने बघून, आणि वर्षभरात त्यातला एकही माणूस तुझ्यासमोर बसायला तयार नव्हता. तू ओट्यावरचा पिठाचा डबा सरकवतेस, पट मांडतेस. "लाव. कुठे सोडलास डाव?" मी लावते. तू बघतेस, बराच वेळ. "हे हरलेलं आहे असं कोणी सांगितलं तुला?" समोरचा कॉलेजचा मुलगा म्हणाला होता, आता काय राहिलंय, सोड. "तो म्हणाला आणि तू राजा आडवा केलास? अगं, तो आत येणार कुठून ते दाखव मला. दाखव, मग जेव." भाकऱ्या गार झाल्या. तो कुठूनच येणार नव्हता. मी रडत होते आणि तू भांडी घासत होतीस, पाठ माझ्याकडे. त्या वेळी मला तुझा राग आला होता, आणि तो पूर्ण गेलेला नाही.

मी त्या वडिलांना म्हटलं, "बसा. तुमचं इंजिन पांढऱ्याकडून खेळू दे. मी काळ्याकडून खेळते." नियम त्यांना माहीत नव्हता, तो मुलीने सांगितला: पन्नास चालींत काही मारलं गेलं नाही आणि प्यादं हललं नाही, तर बरोबरी. मी हत्ती इकडे न्यायचा, तिकडे न्यायचा. मशीनने वजीर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला, परत आणला, राजा फिरवला, पुन्हा वजीर. आकडा ढिम्म. प्लस सहा, प्लस सहा. आत शिरता येत नाही हे काही त्याच्या लक्षात येत नव्हतं. पन्नास जवळ आले तसा आकडा घसरायला लागला, आणि शेवटी शून्य, म्हणजे बरोबरी. अकरा वर्षांच्या पोरीला जे अर्ध्या तासात कळलं, ते याला नियमाने कान धरल्यावर कळलं. मुलगी हसली. वडील म्हणाले, "सेटिंगमध्ये काहीतरी असेल." पुढच्या शनिवारी ती आली नाही. फोन केला तर म्हणाले, "तिला ऑनलाइन लावलंय, मॅडम. तिकडे सगळं इंजिनवर शिकवतात." मी काहीतरी बोलायला हवं होतं. ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी तुझी डाव लिहायची वही काढली. शेवटच्या पानावर तुझी ती पोझिशन आहे, सहाच सोंगट्यांची, आजारपणात सुद्धा तू जिच्या मागे लागली होतीस. खाली तुझ्या अक्षरात: बरोबरी. आता, सात किंवा त्याहून कमी सोंगट्या असल्या तर मशीनला अंदाज करावा लागत नाही. अशा सगळ्या डावांची उत्तरं शेवटापर्यंत काढून साठवून ठेवली आहेत. तिथे वादाला जागा नाही. मी तुझी पोझिशन भरली. काळा हरतो, चाळीसेक चालींत. मी लाल पेन घेतलं, तुझी 'बरोबरी' खोडली आणि शेजारी 'हरतो' लिहिलं.

का हरतो, ते मला माहीत नाही. त्या चाली मी चार वेळा पटावर खेळून बघितल्या, पहिल्या वीस चालींतली एकही मला कळली नाही. हे तुला पाठवायचं नाहीये म्हणूनच सांगते: न कळताच मी तुला खोडलं, आणि खोडताना मला बरं वाटलं.