माझ्या संघात तू नाहीस

कुळगाव, बदलापूर
१९ ऑगस्ट

प्रिय भूषण,

अनेक आशीर्वाद आणि जयभीम. पाकीट बघून दचकशील म्हणून आधीच सांगते, गुडघे सोडले तर मी धडधाकट आहे. रोज संध्याकाळी फोन होतो, तरी म्हातारीला कागद काळे करायची हौस कुठून आली, असं म्हणशील. फोनवर मी चार वेळा तोंड उघडलं. चारही वेळा तू “आजी, टेन्शन नको घेऊस” म्हणालास आणि मी मेथीच्या भाजीवर घसरले. कागदाला मध्येच कोणी तोडत नाही. घाबरले आहे ती मी, बाळा. यंदा तू मैदानावर किती मिनिटं धावणार, याच एका गोष्टीला, महिनाभर.

तुमच्या मंगळूरच्या मरिनर्स बास्केटबॉल संघात या सुट्टीत काय उलथापालथ झाली ते मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. समोरच्या स्वप्नालीने फोनमध्ये ते फँटसीचं ॲप घालून दिल्यापासून मी सकाळी आधी चष्मा शोधते आणि मग चहा ठेवते. आमचा खेळ साधा. खऱ्या खेळाडूंतून आपला एक कागदी संघ निवडायचा, आणि ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्या नावावर. बिल्डिंगमधले आम्ही पाच जण आहोत. जो शेवटी राहतो त्याने सगळ्यांना कांदाभजी खिलवायची. दोन वर्षांत माझ्यावर एकदाही पाळी आली नाही, म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे हिंदुराव मास्तर माझ्यावर जळतात. तीस वर्षं त्यांनी पोरांना खेळ शिकवला आणि जीन्सचे धागे कापणाऱ्या बाईने त्यांना हरवावं, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नाही.

तर बातम्या अशा. तुमचा कर्णधार थॉमस चेन्नईकडे गेला. सेल्वाने गुडघ्याचं कारण देऊन खेळ सोडला. तो ओबी, जो तुला लहान भाऊ म्हणायचा, त्याचा करार पुढे वाढवलाच नाही. तीन भक्कम खांब गेले आणि बदल्यात दोन कोवळी पोरं आली, त्यातल्या एकाला अजून मिशी फुटायची आहे. वर नवा कोच असा, की त्याला म्हणे पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पळापळ हवी. घरातली तीन माणसं गावाला गेली की उरलेल्या सुनेच्या पाठीचं काय होतं ते मी जाणते. गेल्या मोसमात तू सामन्याला बावीस मिनिटं खेळत होतास. ॲपवरचे सगळे जाणकार लिहितायत की यंदा तू पस्तिसाच्या खाली येणार नाहीस. पहिल्या पसंतीत तुझं नाव आहे, बाण वर दाखवलाय, हिरवागार. मास्तरांनी सकाळीच जिन्यात गाठून सांगितलं, “गयाबाई, नातवाचं सोनं झालं.” मी हसले. घरात येऊन दार लावलं आणि तशीच चपला घालून बसून राहिले.

परवा सगळ्यांनी नव्या मोसमाचे संघ उघड केले. माझ्या संघात तू नाहीस. मास्तरांनी चष्मा पुसून तीन वेळा यादी वाचली. मग म्हणाले, सासवाही सुनेला इतकं कडक वागवत नाहीत, पोरगं काय खातं तुमचं. स्वप्नालीला वाटलं बोट चुकून दुसरीकडे लागलं असेल, ती बिचारी दुरुस्त करायला बसली. मी तिच्या हातातून फोन घेतला. म्हटलं, राहू दे, मी बघून केलंय. मास्तरांनी लगेच तुला उचललं आणि वर म्हणाले की यंदा भजी गयाबाईंचीच. त्यांच्या हातात तुझं नाव गेलं तेव्हा मला बरंच वाटलं. तू दहा गुण केलेस की खूश होणारं माणूस मला व्हायचंच नाही यंदा.

आता का, ते सांगते. तुला आठवत नसेल, पण तू शाळेत जाईपर्यंत आपण उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये भाड्याच्या खोलीत होतो आणि मी जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायचे. अक्षरओळख मला तिथेच झाली, पँटीच्या लेबलांवरून आणि तुझ्या पप्पांच्या जुन्या पुस्तकांवरून. पुढे शेठने मला अठरा बायकांचे नग मोजायला बसवलं. कोणी किती पँटी साफ केल्या, सकाळी किती, जेवणानंतर किती, चहानंतर किती. आळशी बाईचे नग सकाळपासूनच कमी असतात. दमलेल्या बाईचे हळूहळू उतरतात. पण कुंदा नावाची एक होती, सकाळी सगळ्यांच्या पुढे आणि चहानंतर एकदम खाली, जशी कोणी वीज बंद केली. सगळ्या म्हणायच्या, कामचोर आहे, चहानंतर गप्पा छाटते. मी तिला बळेबळे सरकारी दवाखान्यात नेली. टीबी निघाला. ती आज नातवंडं खेळवते आहे.

गेल्या मोसमातले तुझे शेवटचे सहा सामने मी तसेच मांडले. तुमच्या खेळाचे चार भाग असतात, तुझे गुण भागाभागाचे वेगळे लिहिले. पहिल्या भागात कधी आठ, कधी सात, कधी नऊ. शेवटच्या भागात कधी एक, नाहीतर शून्य. त्याआधीच्या वर्षी असं नव्हतं, तेव्हा तू शेवटीच जास्त पेटायचास. मग मी सामने पुन्हा पाहिले. उपांत्य सामन्यात तिसऱ्या भागात तू बुटाची नाडी बांधायला वाकलास. नाडी बांधलेली होती, भूषण. मी थांबवून, मोठं करून पाहिलं. एक हात जमिनीला टेकून तू नुसता खाली बघत होतास. मे महिन्यात घरी आलास तेव्हाही, आपल्या तीन मजल्यांपैकी दुसऱ्यावर तू फोन बघत उभा राहिलास. मी वरून कठड्याशी उभी होते. फोनचा दिवा लागलेला नव्हता.

असं थांबणं मी आधी पाहिलं आहे. तुझे पप्पा शेवटच्या वर्षी कॅम्प दोनच्या जिन्याच्या वळणावर थांबायचे. विचारलं तर म्हणायचे, चप्पल लागते आई. नव्या चपला आणल्या तरी थांबायचे. मी आई असून मला कळलं नाही. परक्या बायकांचे नग मोजत बसले आणि पोटच्या पोराकडे पाहिलं नाही.

पुढचं लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. तुला आजवर सांगत आले की पप्पांना अंबरनाथहून येताना टेम्पोने उडवलं. टेम्पो नव्हता. रविवार होता, अंबरनाथला कंपनीच्या मैदानावर व्हॉलीबॉलचा सामना चालू होता. प्रमोदने उडी मारून चेंडू मारला, दोन पावलं चालला आणि पडला. कोणी धक्का दिला नव्हता, काही लागलं नव्हतं. एकतीस वर्षांचा होता. तुझी आई तेव्हा जळगावला माहेरी होती, तिलाही मी टेम्पोच सांगितला. तिने दुसरा संसार मांडला, तिला आजही तेच खरं वाटतं.

खोटं मी तिच्यासाठी रचलं नव्हतं. तू चार वर्षांचा होतास. बायका बोलत होत्या, खेळता खेळता गेला, ते तू ऐकलंस. नंतर तू पळायचा बंद झालास. गल्लीत पोरं खेळायची आणि तू दाराच्या चौकटीला धरून उभा. मी म्हटलं, जा ना राजा. तू मला विचारलंस, “पळालं की माणूस मरतं का, आजी?” मी काय सांगायला हवं होतं ते मला अजून उमगलेलं नाही. मी म्हटलं, नाही रे, पप्पांना टेम्पोने उडवलं. रस्त्यावर जपायचं, मैदानात खुशाल पळायचं. दुसऱ्या दिवशी तू पळालास. मग आपण ते घर सोडून इकडे आलो, इथे कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि तू पळतच राहिलास. मास्तरांच्या रिंगखाली, जिल्ह्यात, राज्यात, थेट मंगळूरपर्यंत. त्या एका खोट्यावर तुझे पाय उभे राहिले, मग ते मोडायचं कोणत्या दिवशी?

पण दवाखान्यात तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाल्या, हृदयाची भिंत जाड होती, हे रक्तातून येऊ शकतं, त्यांचा मुलगा मोठा झाला की त्याच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, विसरू नका. मी विसरले नाही. तू बारा वर्षांचा झालास तेव्हा वाटलं, अजून लहान आहे. सोळाव्या वर्षी राज्याच्या संघात आलास, तेव्हा वाटलं, काही निघालं तर खेळ काढून घेतील, मग या पोराकडे राहील काय. काही नाही निघालं तर उगाच मनात भूत बसेल. असं स्वतःलाच समजावत राहिले. आणि दोन वर्षांपूर्वी मरिनर्सचा फॉर्म भरताना तू फोन केलास. घरात कोणाला तरुणपणी हृदयाचं दुखणं होतं का, असं त्यात विचारलंय म्हणालास. मी कणीक मळत होते. हात न थांबवता म्हटलं, नाही, कोणाला नाही. तू लिहिलंस. तू खोटं लिहिलं नाहीस, मी लिहवून घेतलं. त्यांनी छातीची ती ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली आली, तेव्हा मी विहारात जाऊन मेणबत्ती लावली. गेल्या आठवड्यात आपल्या इथल्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, पट्टीत हे दर वेळी दिसतंच असं नाही.

एक तारखेपासून तुमचा सराव सुरू होतो. त्याच्या आधी हा कागद तुमच्या संघाच्या डॉक्टरांच्या हातात जायला हवा, म्हणून फोन न करता लिहायला बसले. म्हातारीने फोनवर काय म्हटलं ते कोणी फाइलला लावत नाही. त्यांना मराठी येत नसेल तर तू वाचून दाखव, एकही शब्द गाळू नकोस. मी, गयाबाई शंकरराव जाधव, लिहून देते की माझा मुलगा प्रमोद एकतिसाव्या वर्षी मैदानात खेळताना हृदय बंद पडून वारला, अपघात झाला नव्हता, आणि त्याचा मुलगा बुद्धभूषण याच्या फॉर्मवरचं उत्तर मी दिलेलं आहे व ते चूक आहे. खाली सही केली आहे. सोनोग्राफी होईपर्यंत पायात बूट घालू नकोस, कोच ओरडला तरी. त्यांनी खेळ थांबवला तर तू मला काय काय म्हणशील ते मी मनात सगळं ऐकून ठेवलं आहे. तू घरी ये, तिन्ही मजले हळू चढ, आणि दारात उभा राहून मला ते तोंडावर म्हण.

तुझीच,
आजी
(गयाबाई शंकरराव जाधव)