उजवे आटे

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बातमी एकदाची पक्की झाली. आमच्या प्रथिनाची रचना उलगडली म्हणून १० मार्चला स्फटिकशास्त्राच्या परिषदेत माझा सत्कार आहे. एकतीस वर्षांनी का होईना, लोकांना आठवण झाली! तू आमच्या संस्थेत असताना बनवलेलं पितळी मॉडेल व्यासपीठावर ठेवायचं असं आमच्या प्रमुखांनी ठरवलंय. काल ते तळघरातून वर आणलं. काळं ठिक्कर पडलंय आणि दोन सांधे ढिले झालेत.

पहिल्या रांगेत तुम्हा दोघांच्या खुर्च्या धरून ठेवते. इस्त्रीचा शर्ट घालून ये, वर्कशॉपमधला डगला नको. औषधं वेळेवर घेतोस ना, की अजून बायकोला चकवतोस?

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई

२४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि अख्ख्या गल्लीत सांगत सुटलो. न्हाव्यानं विचारलं, प्रथिन म्हणजे अंड्यातलं का. मी हो म्हटलं, वाद कोण घालणार!

येणं मात्र जमणार नाही. दोन पायऱ्या चढलो की छातीचा भाता होतो, डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केलीय. मॉडेलला लिंबू लावू देऊ नकोस, डाग पडतात. मऊ फडक्यानं कोरडं पुसा. सांध्यांचे स्क्रू अर्धा फेरा आवळायचे, त्याहून जास्त नाही.

एक विचारू? रागावू नकोस. हे मॉडेल पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी म्हटलं होतं की आधी केलेल्या दुसऱ्या प्रथिनांच्या दोन्ही मॉडेलांतली वेटोळी उजव्या आट्यांची, साध्या स्क्रूसारखी होती, या खेपेला सगळी डाव्या आट्यांची झालीत, काहीतरी उलटं झालंय. तू सगळ्यांसमोर म्हणालीस की तुझं काम तारा वाकवायचं, डोकं चालवायचं नाही. सगळे हसले. मीही हसलो. आठवड्याभरानं आकडे सुधारून आलेत म्हणून तूच ते मोडायला लावलंस, आणि नवं झालं ते उजव्या आट्यांचं. लेथवर आटे पाडण्यात जन्म गेला माझा, पण तेवढं कोडं काही सुटलं नाही. माझं बरोबर होतं का गं?

उत्तर नाही दिलंस तरी माया तीच,
धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उत्तराला फार उशीर झाला. भाषण, पाहुणे, फोटो, नुसती धावपळ चाललीय. मॉडेल तू सांगितलंस तसंच पुसलं, लखलखीत झालंय. तू विचारलंस ते इतकं जुनं आहे की आता धड आठवतही नाही. सवड मिळाली की जुन्या वह्या चाळून बघते. छातीला शेक घे. सौ.ला आशीर्वाद.

घाईत,
ताई

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल सत्कार झाला. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. मला सगळं लख्ख आठवतं.

तुझं बरोबर होतं. क्ष-किरणांच्या आमच्या फोटोंवरून उजवं कुठलं, डावं कुठलं, ते सरळ कळत नाही, ते गणितातून काढावं लागतं. माझ्या गणितात एक चिन्ह चुकलं आणि सगळी रचना आरशातल्यासारखी उलटी आली. तुझ्यावर डाफरले आणि त्याच दुपारी गुपचूप तपासून पाहिलं. चूक सापडली. आकडे सुधारून आले नव्हते रे, मी सुधारले, तुझ्या सांगण्यावरून. आमच्या शोधनिबंधात अकरा जणांचे आभार मानले, काचेच्या नळ्या करणाऱ्याचेसुद्धा. तुझं नाव गाळलं, कारण ते घातलं असतं तर का घातलं हेही सांगावं लागलं असतं.

काल मॉडेलशेजारी उभी राहून हे सगळं मी सभेला सांगितलं. टाळ्या थांबल्या, मग पुन्हा वाजल्या, त्या तुझ्यासाठी. त्या ऐकायला तू नव्हतास, याचं मला फार वाईट वाटतंय. तुला हवं तेवढं मला बोल, पण गप्प राहू नकोस.

तुझी अपराधी,
ताई

१९ मार्च

ती. वन्संना,
सा. न.

यांना फार वेळ बसवत नाही म्हणून मी लिहितेय. तुमचं पत्र मी दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ऐकून हसले. म्हणाले, भरसभेत असं सांगायला छाती लागते, आणि ताईला कळव की मनाला लावून घेऊ नको, वेळेवर जेवत जा. दुसऱ्यांदा ऐकल्यावर भिंतीकडे तोंड वळवलं. मग जे बोलले ते मला लग्नाच्या चोवीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

तुमची संस्था सोडून कारखान्यात लागल्यावर यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, हे तुम्हाला माहीत आहे. ग्राइंडरचा दगड सुटून आला होता. निष्काळजीपणा केला म्हणून तुम्हीही रागावला होतात. त्या सकाळी दगडासाठी नवीन दांडा बसवला होता. त्याचे आटे उलटे कापलेत, दगड फिरता फिरता नट सुटणार, हे यांनी बघितलं होतं. फोरमनला सांगायला निघालेसुद्धा होते. मग वाटलं, आट्यांवरून आपलं एकदा सगळ्यांसमोर हसं झालंय, पुन्हा कशाला करून घ्यायचं. आणि तसेच कामाला लागले.

हे तुम्हाला कळवायचं नाही म्हणून यांनी मला शपथ घातलीय. ती मी मोडतेय.

यांनी तुम्हाला पत्र ऐकता ऐकताच माफ केलं. मला अजून जमलेलं नाही. पत्र संपवताना लोभ असावा असं लिहायचं असतं. आज ते माझ्याच्यानं लिहवत नाही.

तुमची भावजय