हात मांडीखाली

हम्मामेत, ४ मार्च १९९१

ती. शाझलियाताईस,
दलंदाचा सलाम वि. वि.

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या आमच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेची प्रमुख झाले, त्याची ही शिक्षा. नव्याने साहेब झालेल्या शास्त्रज्ञ-इंजिनियरांना इथे हॉटेलात कोंडून माणसं सांभाळायला शिकवताहेत. काल मला हात मांडीखाली दाबून नुसतं बसायला सांगितलं. माझ्या गटाने पंप जोडायचा होता. एकाने वायसर उलटा बसवला आणि मी उठून पाना हिसकावला. आमचा पंप सगळ्यांआधी तयार झाला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, की छान, पण उद्या या गटातल्या कुणालाही तो जोडता येणार नाही. सगळे हसले, मला मात्र ते लागलं.

कारण आमची ओल्फा. तिने केलेल्या पाण्याच्या चाचण्या ती घरी गेल्यावर मी पुन्हा करते, हे तिला कळलंय. मी निघायच्या आदल्या दिवशी तिने राजीनामा दिला. तो मी पुढे न पाठवता खणात टाकलाय. एवढी हुशार मुलगी, ताई. ती गेली तर मला फार वाईट वाटेल.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी दलंदा

कैरवान, ११ मार्च

चि. दलंदास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

वायसरचं वाचून तुझे दाजी हसून बेजार झाले. गेल्या रमजानात मी पातळ पारीत अंडं भरून तळायला मुडपलेली ब्रीकं तू उलगडून पुन्हा मुडपलीस, तीही माझ्या सासूबाईंसमोर. आतली अंडी फुटली ती फुटलीच. तेव्हापासून तू आलीस की मी स्वयंपाकघरात बसून राहते. रागाने नव्हे गं, कंटाळून. ओल्फाचंही तेच झालं असणार. दलंदाबाई पुन्हा करणारच आहेत, मग आपण कशाला जीव काढायचा?

राजीनामा खणात कोंडला म्हणून माणूस थांबत नाही. तिच्याशी नीट बोल. आणि जेवत जा, पत्रासोबतच्या फोटोत गाल बसलेले दिसतात.

माया आहे म्हणूनच टोचते.
तुझी ताई

बीर सलमा, २ एप्रिल

ती. ताईस, सलाम वि. वि.

तुझ्या पत्राचा आधी राग आला, मग पटलं. आल्या आल्या ओल्फाला सांगितलं, की यापुढे तुझ्या आकड्यावर मी थेट सही करीन. थोडे दिवस बघ, मग राजीनाम्याचं ठरव. मान डोलावून ती कामाला लागली.

आज दुपारी तिने आकडा आणला. पाण्यात मीठ वाढलेलं. म्हणजे कारखाना बंद, आणि गावाला दुसरं पाणी नाही. चाचणी पुन्हा करायला कितीसा वेळ लागतो? बोटं शिवशिवत होती. खरंच सांगते, मी हात मांडीखाली घातले, मग एक बाहेर काढून सही केली. आत्ता लोकांनी रोजा सोडला तो कोरड्या नळांसमोर. मला कायकाय म्हणत असतील! तिचं बरोबर असेल ना, एवढंच डोक्यात फिरतंय. अजून तपासलेलं नाही. हात गुंतावेत म्हणून तुला लिहितेय.

आठवण ठेव.
दलंदा

बीर सलमा, ४ एप्रिल

ती. ताईस, सलाम वि. वि.

ओल्फाचं चुकलं होतं. पाणी चांगलं होतं, नमुन्याची बाटलीच नीट धुतलेली नव्हती. काल सकाळी सगळ्यांआधी येऊन चूक तिनेच शोधली आणि माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, की आजवर चुकलं तरी बाई पकडतील हे माहीत असायचं. या वेळी कुणी पकडणार नाही हे आठवलं आणि राहवलंच नाही.

कारखाना लगेच सुरू केला. संचालकांनी विचारलं, आकडा कुणाचा? मी म्हटलं, सही माझी आहे. मग बराच वेळ बोलणी खाल्ली. बढती टिकते की जाते, कोण जाणे. परत येऊन खण उघडला तर राजीनामा नव्हता. ओल्फा पाठमोरी उभी राहून बाटल्या धूत होती. तो तिनेच परत घेतला असणार. मी खण लोटून दिला. इतकं हलकं वाटलं, ताई, की डोळे भरून आले.

रमजान संपायच्या आत येते. ब्रीकं तूच मुडप.

धुतलेल्यांतली एक बाटली मला अजून जराशी मळकट वाटत होती. तिला हात न लावता मी घरी आले.

असाच लोभ असू दे.
तुझी दलंदा