तिसऱ्या बेसमागची जमीन

मी, ब्रिखिदा तावेरास, वय अठ्ठ्याहत्तर, पुएर्तो सेरेनोच्या बेसबॉल मैदानाची निवृत्त राखणदार, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण एवारिस्तोसाहेबांच्या वकिलाने मला एकदा भर कोर्टात वेडी ठरवलं होतं.

१. राहतं घर भाची नूरिस हिला. तिच्या नवऱ्याने अंगणातलं आंब्याचं झाड तोडायचं नाही.

२. दाताळं, रोलर आणि चुन्याच्या रेघा मारायची गाडी धाकटा भाऊ रुफिनो याला.

३. मैदानातली, तिसऱ्या बेसपासून डाव्या कुंपणापर्यंतची पट्टी माझ्या मालकीची आहे. १९५६ साली नगरपालिकेने आमच्या बाबांचं युका या कंदाचं शेत स्टेडियमसाठी घेतलं, तेव्हा एवढ्या तुकड्याचा कागद करायचा राहून गेला. बाबांच्या ते लक्षात आलं होतं. विचारतील तेव्हा सांगू, म्हणाले. कुणी विचारलंच नाही. जाताना त्यांनी तो तुकडा माझ्या नावे केला. शहरात मैदान एकच, संघ दोन: कोंबडे आणि ससाणे. एक दिवस यांचा, एक दिवस त्यांचा. मी जन्मापासून कोंबड्यांची; पण एकतीस वर्षांत त्यांच्यासाठी एक रेघ बोटभरसुद्धा सरकवली नाही.

१९९४ मध्ये कोंबड्यांचे अध्यक्ष एवारिस्तोसाहेब यांना त्या राहिलेल्या कागदाचा सुगावा लागला. पट्टी हातात आली की ससाण्यांना मैदान बंद, आणि दुसरं मैदान नसल्याने शहरच बंद, हा त्यांचा बेत. मी नाही म्हटलं. त्यांनी पट्टी आपल्या संघाचीच आहे असा दावा लावला.

रुफिनो घरी येऊन म्हणाला, "ताई, आपल्याच माणसांच्या आड येतेस?"

मी म्हटलं, आड येत नाही, जागेवर उभी आहे. त्यानंतर नऊ वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. गल्लीतल्या बायकाही मला बघून दार लोटून घ्यायच्या.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुम्ही नेमक्या कुणाच्या?"

"कोंबड्यांची, साहेब. पण हरवायला समोर कुणीतरी नको का?"

निकाल माझ्या बाजूने लागला. त्या रविवारी दुपारी दोन्ही संघ माझ्या पट्टीवर ओळीने उभे राहिले आणि त्यांनी टोप्या काढल्या. सगळं स्टेडियम उठलं. दोन्हीकडची माणसं एकच नाव घेऊन ओरडताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि ते नाव माझं होतं. रुफिनो खाली उतरला, माझ्या हातातलं दाताळं घेतलं आणि म्हणाला, "तू बस आता, ताई. मी करतो."

म्हणून ही पट्टी मी दोन्ही संघांना मिळून, वाटणी न करता देते. एकाच्या सहीशिवाय दुसऱ्याने ती विकायची नाही, कुंपण घालायचं नाही. एक संघ बंद पडला तर त्याचा हिस्सा नगरपालिकेला जाईल. दुसऱ्या संघाला कदापि नाही.

४. एवारिस्तोसाहेबांना मी काही ठेवत नाही. त्यांना जे हवं होतं ते दिलं नाही, हे समाधान मी बरोबर नेते.

साक्षीदार मुद्दाम एक इकडचा, एक तिकडचा घेतला आहे. सही करता करता दोघं सत्याऐंशीच्या अंतिम सामन्यावरून भांडताहेत. भांडू देत. मैदान त्यासाठीच आहे.

सही: ब्रिखिदा तावेरास
साक्षीदार: कास्तुलो पोलांको (कोंबडे), ओतोनिएल रेयेस (ससाणे)
स्थळ: पुएर्तो सेरेनो, डोमिनिकन प्रजासत्ताक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०११