पाखडलेलेच तांदूळ

माय, आज सकाळी दारासमोरून कुणाची तरी जुनी मोटरसायकल गेली. ती गेली हे मला तिचा धूर दिसल्यावर कळलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही आणि तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तुला अक्षर येत नव्हतं. हे पत्र तू असताना लिहिलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू मधेच उठून चुलीवरचं बघायला गेली असतीस. त्यामुळे पाठवायचा प्रश्न तेव्हाही नव्हता, आत्ताही नाही.

देवरीचंच हे घर, मी लहान असतानाचं. अंगणात पोतं अंथरून बाबूजी बसलेत, समोर शेठची मोटरसायकल. शेठ म्हणजे बिडीपत्त्याचा ठेकेदार. गाडी त्याची, लढाई संपल्यावर फौजेनं विकून टाकलेली, आणि ती घेऊन चिचगडकडच्या जंगलात पत्ता गोळा होतो त्या फडांवर फिरायचं काम बाबूजींचं. टाकी आतून गंजलेली, म्हणून दर रविवारी कारबेटर खोलावा लागे. खालची वाटी काढून ते पेट्रोल बशीत ओततात, बशीच्या तळाशी लालसर गाळ बसतो. मग जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी काढतात, ओठांत धरून फुंकतात, डोळ्याशी नेऊन त्याच्या बारीक भोकातून आभाळ बघतात. भोकात तार घालायची नाही, असं कुणी न विचारताच सांगतात. सगळं पुसून पुन्हा जोडलं, किक मारली, की उरतात दोन स्क्रू, एक हवेचा आणि एक गाडी उभी असताना इंजीन किती हळू चालेल त्याचा. आणि इथून पुढे त्यांचं काही चालत नसे, कारण ते दोन्ही स्क्रू कानानं लावायचे असतात. फौजेत तोफांच्या आसपास मोटारी चालवून बाबूजींचा एक कान तिकडेच राहिला होता. दुसरा घरी आल्यावर हळूहळू गेला. समोरच्याचे ओठ वाचून ते मराठी, हिंदी दोन्ही निभावून नेत. हे तुला ठाऊक होतं आणि मला. शेठला ठाऊक नव्हतं, आणि कळलं असतं तर त्यानं गाडी काढून घेतली असती.

म्हणून तू उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. ते स्क्रू केसभर फिरवतात आणि तुझ्या तोंडाकडे बघतात. इंजीन घुसमटून धपधपलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, उलटं शिंकलं की मान हलते. ठोके सारखे पडायला लागले की तू उलथनं खाली घेतेस आणि आत वळतेस. शेजारीण म्हणायची, नवऱ्याला काय नाचवते ही बाई. तू म्हणायचीस, "नाचवतोच त मी."

पण गाडी नीट लागली की ती नीट जंगलात जाणार, आणि तुझी चिंता तिथून सुरू व्हायची. बाबूजी निघाले की हातातलं काम तसंच ठेवून तू नाक्यापर्यंतचा आवाज ऐकायचीस. संध्याकाळी तोच आवाज परत येईस्तोवर तुझं कशात लक्ष नसे. एकदा भाकर वाढता वाढता त्यांच्यासमोर बसून तू विचारलंस, "मांगून टरकवाल्यानं भोंगा वाजवला त? अस्वल रस्त्यात आलं आन् कोणी बोंबललं त?" ते म्हणाले, "आरसा लावला ना." दाढीचा आरसा त्यांनी हँडलला बांधला होता. तू त्या आरशाकडे असं बघितलंस की मला हसू आलं. नंतर रात्री तुझ्याशेजारी पडल्यावर मात्र मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून नाक्यापर्यंतचा आवाज मीही ऐकू लागले.

मग एका वर्षी, पत्त्याचा हंगाम तोंडावर असताना, बाबूजींना ऐकू येत नाही असं कुणीतरी शेठच्या कानावर घातलं. तो सकाळीच घरी आला, खाटेवर बसला आणि म्हणाला, "गाडी बहुत पेट्रोल पी रही है. मेरे सामने खोलो, मेरे सामने लगाओ." बाबूजी पोतं अंथरायला लागले. तू आत होतीस. परक्या माणसासमोर दारात उभं राहून तुला आठ्या घालता येणार नव्हत्या, आणि एवढा खाली पदर ओढल्यावर बाबूजींना तुझं तोंड तरी कुठून दिसणार? तू डब्यातले तांदूळ सुपात ओतलेस. मी म्हटलं, "पाखडलेलेच त आहेत." "चूप बस," तू म्हणालीस आणि घरापुढच्या सपरीच्या कडेला, बाबूजींच्या समोर, जाऊन बसलीस.

तुमचं काहीच ठरलेलं नव्हतं. बाबूजींनी किक मारली, हवेचा स्क्रू फिरवला. ठोके वाकडे पडत होते, तोवर तू मान खाली घालून खडे निवडत होतीस, जे त्यात नव्हतेच. ठोके सरळ झाले तशी तू सूप उचलून पाखडायला लागलीस. बाबूजींचा हात थांबला. त्यांना कळलं होतं. दुसरा स्क्रूही तसाच लागला, आणि तेवढ्यात शेठ उठून त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. "बस, अब बंद कर दो," तो साध्याच आवाजात म्हणाला. मला आतपर्यंत ऐकू आलं. बाबूजी फडक्यानं कारबेटर पुसत राहिले. तो पुन्हा म्हणाला. त्याच वेळी तुझ्या हातून सूप सुटलं आणि सगळे तांदूळ अंगणात गेले. ताटातलं शीतही वेचून खाणारी बाई तू. बाबूजींनी चमकून वर बघितलं, पदराआडचं तुझं डोकं त्यांच्या पाठीमागच्या बाजूला वळलेलं दिसलं, आणि ते इंजीन बंद करून मागे वळले. "जी शेठ?"

शेठ तांदळाकडे बघून हसला. "घरवाली को क्या हुआ?"

"मशीन के आवाज से डरती है," बाबूजी म्हणाले.

काम राहिलं. तो गेल्यावर आपण दोघी मातीतून तांदूळ गोळा करत बसलो आणि मला तुझा राग आला. "काऊन सांडवले?" मी विचारलं. "शेठले समजलं असतं त बाबूजी घरी राहिले असते. तुलेच त रोजचा घोर आहे ना?"

"घरी बसवला त सुकून जाइल थो," तू म्हणालीस.

"आन् रस्त्यात काही झालं त?"

 तुझी बोटं मातीत थांबली, मग पुन्हा चालू लागली. झालं काहीच नाही, माय. शेठनं जीप घेईपर्यंत बाबूजी गाडी चालवत राहिले, तू गेल्यावरही जगले, आणि शेवटी याच घरात खाटेवर गेले. पण हे मला आज माहीत आहे. तुला त्या सकाळी माहीत नव्हतं, आणि तरी तू सूप सोडलंस. त्यांना पुन्हा त्या रस्त्यावर पाठवणारे हात तुझेच होते, हे तुला कळत होतं. कसं निभावलंस, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता मी इथं एकटी असते. कुकरची शिट्टी मी वाफेवरून ओळखते. समोरचा रस्ता मोठा झालाय, बाजाराला जायचं तर तो ओलांडावा लागतो, आणि दोन्हीकडे बघून झालं तरी पाय उचलत नाही. नागपूरचा मुलगा म्हणतो, चल माझ्याकडे. माझ्या कानांचं त्याला कळलं तर तो विचारणार नाही, सरळ घेऊनच जाईल, आणि तिथल्या खोलीत मी सुकून जाईन. कधी वाटतं, कुणीतरी माझ्यासाठी तांदूळ सांडावेत. कधी वाटतं, नको, कळू दे एकदाचं. दिवसभर हेच चाललेलं असतं.

मुलाला मी निरोप धाडलाय की फोन बिघडलाय, काही असलं तर शेजारी कळव. फोन चांगला आहे, माय.