मास्तर, नवी आणि आखूड मानेचा बास

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट पूर्ण, छापखान्यातल्या मुद्रितशोधनाच्या नोकरीतून निवृत्त, सध्याचा व्यवसाय बासगिटार वाजवणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, खांदा सोडल्यास प्रकृती उत्तम आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट मुलगा विचारत होता की आजच कसली घाई. घाई अशी, की दुपारी व्हॅन येणार आहे आणि आमचा बँड जन्मात पहिल्यांदा दौऱ्यावर निघणार आहे. एका मोठ्या नावाच्या बँडच्या आधी रोज अर्धा तास आम्हाला मिळाला आहे. लांबचा रस्ता, नवी गावं, माझं वय; कागद करून ठेवलेला बरा. अक्षर कुठे थरथरलं असेल तर ते म्हातारपण समजू नये. मला आनंद झाला आहे.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करत आहे. वकीलबाईंनी दिलेला मसुदाही बाजूला ठेवला आहे, कारण त्यात ‘पश्चात’ हा शब्द दर वेळी वेगळा चुकला होता.

कलम १. हे दुमजली घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्यानंतर माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावं. त्याला एक अट आहे. तळमजल्यावरची खोली ही बँडची तालमीची खोली आहे. तिच्या भिंतींना छापखान्यातल्या रद्द झालेल्या फर्म्यांचे, म्हणजे छापील कागदांचे, गठ्ठे आणि जुन्या गाद्या लावून मी ती स्वतः बंदिस्त केली. बाहेर रस्त्यावर आवाज जात नाही, वर मात्र सगळं ऐकू येतं. बँडमधलं एकही माणूस वाजवत असेल, तोवर दर गुरुवारी संध्याकाळी ती खोली मोकळी ठेवावी.

मुलगा म्हणाला, “आई, अशा अटीचं घर उद्या विकायचं म्हटलं तर घेणार कोण?”

“म्हणूनच अट घातली,” मी म्हटलं.

तो चांगला मुलगा आहे. मी त्याच्याकडे राहायला जावं असं त्याला वाटतं, आणि त्याचं घर सुंदर आहे, पण तिथे भिंती इतक्या पातळ आहेत की मी तार जुळवली तरी शेजारी येतील.

कलम २. मास्तरविषयी. हा बँडचा ड्रमवाला. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून मास्तर. बरीच वर्षं तो माझा नवराही होता. आमचं काय बिनसलं ते इथे लिहीत नाही. दोघांनाही घरात आपलंच खरं करायची सवय होती, एवढं पुरे. घटस्फोटाचा निकाल बुधवारी लागला. गुरुवारी संध्याकाळी खालचं दार वाजलं. मी खाली गेले तर तो ड्रमचं स्टूल वरखाली करत होता.

“येऊ ना?” त्याने विचारलं.

“आल्यावर विचारतोस,” मी म्हटलं आणि तारा जुळवायला घेतल्या.

ज्यांनी कधी वाजवलं नाही त्यांना हे विचित्र वाटतं. ड्रमवाल्याचा पाय आणि बासवालीचं बोट एकाच क्षणी पडावं लागतं. ऐकणाऱ्याला दोन आवाज कळता कामा नयेत. अशा माणसाशी बोलणं टाकता येतं, वाजवणं टाकता येत नाही. मास्तरला मी काय ठेवते आहे ते पुढे येईल.

कलम ३. आम्ही नेहमी वाजवायचो त्या सभागृहातल्या ध्वनिवाल्याला माझ्याकडून काहीही मिळू नये. मी वायर जोडण्याआधीच तो लांबून ओरडायचा, “ताई, बास कमी करा.” त्याला मी मनातून माफ केलेलं नाही, आणि कायद्याने तसं करणं बंधनकारक नसल्याचं वकीलबाईंनी सांगितलं आहे.

कलम ४. माझा जुना बास. राखेच्या रंगाचा, चार तारांचा, लांब मानेचा. मी लहानखुरी आहे. त्याच्या पहिल्या फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेच्या टोकाकडच्या पट्टीपर्यंत, माझा हात जेमतेम पोचायचा. वजन ओल्या गादीएवढं. पण त्याचा आवाज पोटात जाऊन बसायचा. पहिल्या पगारातून उधारउसनवार न करता घेतला आणि तीस-पस्तीस वर्षं त्याचा पट्टा डाव्या खांद्यावर वागवला. बँडमध्ये मला खर्जबाई म्हणतात ते त्याच्यामुळेच.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या समारंभात, गाणं चालू असतानाच, तो खांदा गेला. हात बधिर होऊन बासाच्या मानेवरून घसरला. मास्तरने माझ्याकडे पाहिलं आणि बासाविनाच गाणं शेवटाला नेलं. डॉक्टरांनी बासाचं वजन विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाले, “हे खांद्यावर घेऊन उभ्या राहता? बासरी का नाही वाजवत? हलकी असते.” हात झोळीत अडकवला आणि काहीही उचलायला बंदी केली.

मग मास्तरने नवीला आणलं. तिचं नाव बँडमध्ये अजून नवीच आहे. चष्म्याच्या दुकानात काम करते, माझ्या सुनेपेक्षाही लहान. तिच्याकडे बास नव्हता. म्हणून मास्तरने, मला न विचारता, माझा तिच्या गळ्यात घातला.

हे मला कसं कळलं, ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गुरुवार होता. मी वर पलंगावर पडले होते. खाली गाणं सुरू झालं आणि माझ्या बासाचा आवाज पलंगाच्या पायांतून वर आला, गादीतून, पाठीतून. माझीच तार. बोट दुसऱ्याचं. मी उठून जमिनीला कान लावला, चुका शोधायला. आयुष्यभर चुका शोधण्याचेच पैसे घेतले होते. दोन सापडल्या. तिसऱ्या गाण्याला एकही सापडली नाही. ती स्वर फार वाजवायची, जिथे थांबायला हवं तिथेही भरायची, पण ठोका चुकत नव्हती. मी जमिनीवर बसून रडले. तिने वाईट वाजवलं असतं तर इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरला फोन केला. “विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस,” तो म्हणाला. “आणि बँड बंद पडला असता. मग बरी झाल्यावर कुठे परत आली असतीस?”

मी फोन ठेवून दिला. त्याचं बरोबर होतं आणि त्याच्या आवाजात ते त्याला माहीत असल्याचं ऐकू येत होतं. ते मला जास्त झोंबलं.

हा जुना बास नवीला मिळावा. कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम ५. माझी बँकेतली सगळी शिल्लक मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी मिळावी, सुनेचा वाटा तिच्या स्वतःच्या नावे. सुनेचा वाटा का, ते सांगते.

झोळी निघाली तरी मी जुना बास पाच मिनिटंसुद्धा धरू शकत नव्हते. सून एका शनिवारी आली, मला बघितलं आणि म्हणाली, “आई, चपला घाला.”

“कुठे?”

“दुकानात. वजन झेपत नाही तर हलका घ्या. चष्म्याचा नंबर वाढला तर माणूस वाचणं सोडतं का?”

पहिल्या दुकानात विक्रेत्याने विचारलं, “मुलासाठी बघताय का?” सून म्हणाली, “नाही, सासूसाठी.” तो हसला. आम्ही बाहेर पडलो. त्या दुकानालाही माझ्याकडून काही मिळू नये.

दुसरं दुकान एका दुरुस्ती करणाऱ्या बाईचं होतं. पुढे दुकान, मागे कारखाना, सगळीकडे लाकडाचा भुसा. तिने काही न विचारता माझे हात हातात घेऊन बघितले, खांदा वर करायला लावला, आणि सांगितलं, “लांब मान विसरा. आखूड मानेचा घ्या.”

मी नाक मुरडलं. आखूड मानेचा बास म्हणजे शिकाऊ पोरांचा, अशी माझी समजूत. त्याची सगळ्यात जाड तार ढिली पडते, आवाज चिखलात पाय टाकल्यासारखा येतो. तसं मी बोलूनही दाखवलं.

“तार बारीक लावली तर ढिली पडणारच,” ती म्हणाली. “मान आखूड झाली की तार जाड घ्यायची. आणि खरखरीत नको, सपाट गुंडाळीची घ्या. बोटांनाही बरं.”

त्या दुपारी मी किती बास हातात घेतले, आठवत नाही. एकाची मान इतकी जड की हात सोडला की तिचं टोक जमिनीकडे जायचं. असा बास वाजवण्याऐवजी सांभाळावाच लागतो. एक इतका हलका की तार छेडली की खेळण्यासारखा वाजायचा. एकाचा रंग सुनेला आवडला, मला नाही. मग बाईने मागच्या खोलीतून एक गडद लाल आणला. वजन कमी व्हावं म्हणून लाकूड आतून पोकळ केलेलं, पट्टा रुंद आणि आत कापूस भरलेला. मी गळ्यात घातला, हात सोडले, तो होता तिथेच राहिला. पहिल्या फ्रेटपर्यंत हात गेला. म्हणजे सहज गेला, खांदा न ताणता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी सगळ्यात खालचा स्वर छेडला. काउंटरवरच्या काचेत ठेवलेल्या, तारा छेडायच्या प्लास्टिकच्या चकत्या थरथरल्या.

सून स्टुलावरून उठून उभी राहिली. “हाच,” ती म्हणाली. तिला संगीतातलं काही कळत नाही.

त्याच बाईकडून छोटा अ‍ॅम्प घेतला. आताचे अ‍ॅम्प बघून मला हसूच आलं. वरचा डबा शब्दकोशाएवढा, खालचा स्पीकर एका हातात उचलता येतो, आणि आवाज माझ्या कपाटाएवढ्या जुन्या अ‍ॅम्पच्या धुडाइतकाच. घरी येताना गाडीत मी बास मांडीवर घेऊन बसले. मागे नीट मावत होता, तरी.

हा लाल बास आणि छोटा अ‍ॅम्प माझ्यानंतर सुनेचा. तिने विकला तरी चालेल. शिकली तर जास्त चालेल.

कलम ६. नवीविषयी. मी लाल बास घेऊन गुरुवारी खाली गेले तेव्हा दौऱ्याचं आमंत्रण येऊन पडलं होतं. ज्या ध्वनिमुद्रणावरून ते आलं त्यात बास नवीने वाजवला होता. मास्तर उठून उभा राहिला. ड्रमच्या काठ्या त्याने खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या, आणि मी त्याला मदत केली नाही.

“नवी आता आपली आहे,” तो शेवटी म्हणाला. “मी तिला काढणार नाही.”

“मी कुठे काढ म्हणते?” मी म्हटलं. “एक गाणं वाजवते. मग वर जाते.”

एकच गाणं वाजवलं. मास्तरचा पाय आणि माझं बोट जिथे पडायला हवं तिथे पडलं, आणि जिथे थांबायला हवं तिथे मी थांबले. त्या थांब्यांमध्ये मास्तर हसत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते तरी मला कळत होतं. गाणं संपलं. मी वायर काढायला वाकले.

नवी म्हणाली, “काढू नका. मी मुळात गिटारवाली आहे.”

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. आमचा गिटारवाला उशिऱ्या (दर तालमीला उशीर, म्हणून) बदली होऊन दुसऱ्या गावी गेला होता, आणि मास्तर ओळखीपाळखीत गिटारवाला शोधून थकला होता.

“मग आधी का नाही बोललीस?” मास्तरने विचारलं.

“बोलले असते तर बासला कोण होतं?” ती म्हणाली. “तुम्हाला बासच हवा होता. मला बँड हवा होता.”

त्या संध्याकाळी तिने घरून गिटार आणली. मी वर गेले नाही. आमच्या बँडचे गायक दातांचे डॉक्टर आहेत; त्यांनी सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून घेतली आणि त्यांचा घसा बसला.

म्हणून जुना बास नवीला. तिने तो परक्यासारखा वापरला नाही. परत दिला तेव्हा तारा पुसलेल्या होत्या.

कलम ७. माझ्या शेवटच्या दिवशी भाषणं नकोत. बँडने खालच्या खोलीत वाजवावं, दारं उघडी ठेवून. बास नवीने वाजवावा, आणि स्वर कमी.

कलम ८. <s>कपाटाएवढा जुना अ‍ॅम्प मास्तरला मिळावा, कारण तो उचलताना दुसऱ्या बाजूला नेहमी तोच असायचा.</s>

वरचं कलम मी स्वतः खोडलं आहे आणि बाजूला सही केली आहे. पुढे वाद नको म्हणून कारण लिहून ठेवते. मास्तर व्हॅन घेऊन ठरल्या वेळेच्या आधीच आला. वर आला, कागद बघितले, विचारलं, “साक्षीदार कोण?”

“समोरची शिंपीणबाई. दुसरा अजून मिळायचाय. ज्याला काही मिळणार तो चालत नाही.”

“मला काय मिळणार?”

मी कागद पुढे केला. त्याने वाचलं, चष्मा काढून पुसला.

“खोड ते.”

“राग आला?”

“नाही गं. मला साक्षीला उभं राहायचंय.”

“कशासाठी? दोन ओळी तर लिहायच्या असतात.”

“त्याच लिहायच्या आहेत,” तो म्हणाला. “माझ्या हाताने.”

मी पेन दिलं. मोठा अ‍ॅम्प तळमजल्यावर आहे तिथेच राहू द्यावा.

हे सगळं मी वाचून पाहिलं आहे, मला मान्य आहे. खालून हॉर्न वाजतो आहे.

स्थळ : राहते घर, वरचा मजला
दिनांक : १४ मार्च २०२४
सही : खर्जबाई

साक्षीदार पहिली : बाईंनी माझ्यासमोर सही केली. घाईत होत्या, पण शुद्धीत होत्या. सही : समोरची शिंपीण

साक्षीदार दुसरा : या बाईंनी माझ्यासमोर स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत सही केली. घटस्फोटाच्या अर्जात मी लिहून दिलं होतं की बासच्या नादात हिचं डोकं फिरलं आहे. ते खरं नव्हतं. तिचं डोकं तेव्हाही ठिकाणावर होतं. सही : मास्तर, ड्रम